दोन दप्तरांचा धनी : चि. वि. जोशी

गणेशोत्सवात बाप्पाची नावे घ्यायचा प्रघात आहे. चिंतामणी हे एक नाव, विनायक हे दुसरे. ही दोन्ही नावे एकाच माणसाच्या वाट्याला आली आणि त्या माणसाने मराठी घरांतली बारीकसारीक विघ्ने जन्मभर लिहून काढली. चिंतामण विनायक जोशी, म्हणजे आपले चि. वि. जोशी. त्यांच्या मानसपुत्राचे पूर्ण नाव चिंतामण धोंडदेव जोग, म्हणजेच चिमणराव. तोही बाप्पाच्याच नावाचा. चिमणरावाचा मुलगा मोरू, म्हणजे मोरेश्वर. तोही त्याच घराण्यातला. फरक इतकाच की बाप्पा विघ्ने हरण करतो आणि चिमणराव ती आपण होऊन घरी घेऊन येतो. तेव्हा गणपतीच्या स्मरणिकेत चि. विं.ची आठवण काढायला आणखी निमित्त नको.

आपल्याकडच्या जुन्या मराठी घरांतून चिमणरावाचे नाव ठाऊक नाही असे घर विरळाच. पण चिमणराव पुणेकर, म्हणून त्याचे जनकही पुण्यातच बसून लिहीत असतील, अशी अनेकांची समजूत असते. जन्म पुण्याचा खरा, पण नोकरी बडोद्याची. आपल्यापैकी कोणाचे पणजोबा खानगी खात्यात आले, कोणाचे फौजेत, कोणाचे शाळाखात्यात, तसेच चि. वि. कॉलेजात आले. आम्ही स्वतः राज्य सरकारचे नोकर. शिक्षण डिप्लोमापर्यंत. साहित्याची समीक्षा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण वीस वर्षे फायली हाताळलेल्या माणसाला दुसऱ्या फायलीवाल्याविषयी आपोआप आपलेपणा वाटतो, त्या नात्याने हे लिहीत आहोत.

चि. विं.चा जन्म पुण्यात १९ जानेवारी १८९२ चा. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, लोकमान्यांच्या पुढाकाराने पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक झाला. म्हणजे हा चिंतामण आणि सार्वजनिक गणपती एकाच पुण्यात, जवळजवळ बरोबरीने वाढले. ते पुणे वादांनी गजबजलेले होते. आधी सामाजिक सुधारणा की आधी स्वराज्य, मुलींनी किती शिकावे, चहा प्यावा की पिऊ नये, अशा एकेका प्रश्नावर माणसे एकमेकांशी बोलेनाशी होत. घराघरात एक पिढी जुने सोडायला तयार नव्हती आणि दुसरीला नवे अजून नीट जमत नव्हते. पुढे चिमणरावाच्या घरात जो गोंधळ आपण वाचतो, त्याचे बी याच हवेत पडले असावे.

फर्गसन कॉलेजात शिकताना चि. विं.ना गुरू भेटले ते धर्मानंद कोसंबी. कोसंबी मूळचे गोव्यातल्या सांखवाळचे. बुद्धाचा धर्म जाणून घ्यायच्या ध्यासाने घरदार सोडून निघाले आणि पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत थेट सिंहलद्वीपापर्यंत गेले. तिथे पाली शिकून परत आले. अशा माणसाला पोटापाण्याची चिंता करावी लागू नये म्हणून सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये लावून दिले. अट एवढीच की त्यांनी महाराष्ट्रात राहून काम करावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. पुढे १९१२ पासून कोसंबी फर्गसनमध्ये पाली शिकवू लागले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांत एक चि. वि. होते. गोव्याचे गुरू, पुण्याचा शिष्य आणि मधे बडोद्याचे ५० रुपये, असा हा धागा आहे. आपण गोव्याचे, आपण बेळगावचे, आपण बडोद्याचे, अशा वाटण्या करताना हा धागा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शिक्षण संपल्यावर काही काळ मास्तरकी करून १९२० मध्ये चि. वि. बडोदा कॉलेजात पालीचे अध्यापक म्हणून आले. त्यांचे नशीब असे की ते आले आणि पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, मराठी साहित्य संमेलन बडोद्याला भरले. अध्यक्ष होते न. चिं. केळकर, म्हणजे विनोद या विषयावर मराठीत शास्त्रशुद्ध पुस्तक लिहिणारे गृहस्थ. पुढे १९३४ मध्ये ना. गो. चापेकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन पुन्हा बडोद्याला आले. त्या बडोद्यात गावोगाव वाचनालये निघाली होती, मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते आणि १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले होते. पालीसारख्या विषयाचा अध्यापक अशा गावात उपाशी राहत नसे आणि एकटाही पडत नसे.

चि. विं.चे विद्वत्तेचे काम लहान नव्हते. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी त्यांनी सद्धम्मप्पकासिनी या पाली टीकाग्रंथाची संपादित आवृत्ती तयार केली. तिचे तीन खंड १९३३ ते १९४७ या काळात निघाले. अशा कामात वेगवेगळ्या हस्तलिखितांतला शब्दन् शब्द ताडून पाहायचा असतो. एका अक्षराच्या फरकासाठी दिवस घालवायचा आणि शेवटी तळटीपेत अर्धी ओळ लिहायची. हे काम करणारा माणूस जगाच्या पाठीवर थोड्याच लोकांना माहीत होतो. मराठी वाचकांसाठी त्यांनी जातकातल्या गोष्टी आणल्या आणि शाक्यमुनी गौतमाचे चरित्र लिहिले.

कॉलेजानंतर त्यांच्याकडे संस्थानच्या दप्तराचे काम आले. ते राजदप्तरदार झाले. दप्तर म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. पूर्वीचे सरकारी कागद फायलीत नसत. ते कापडात घट्ट बांधून ठेवत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. आत मोडी लिपीतले कागद: सनदा, वतनांचे हुकूम, फौजेचे हिशेब, तहनामे, सरदारांची भांडणे. गायकवाडी दौलतीची दोन-अडीचशे वर्षे अशा रुमालांत बांधलेली होती. कोणता कागद कुठे आहे, कोणता खरा, कोणता मागाहून घातलेला, हे ओळखणे आणि वाळवीपासून सगळे वाचवणे, हे दप्तरदाराचे काम. आमच्या कचेरीत एखादा जुना कागद सापडेना झाला की दिवसभर धूळ खावी लागते. इथे तर अख्ख्या राज्याची धूळ होती.

दिवसा पालीची हस्तलिखिते आणि मोडीचे रुमाल हाताळणारा हा माणूस उरलेल्या वेळात काय लिहीत होता, ते पुस्तकांच्या नावांवरून कळते. १९३२ मध्ये ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आले, पुढच्या वर्षी ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ आणि त्यानंतर ‘वायफळाचा मळा’. एरंडाच्या गुऱ्हाळातून रस निघत नाही. चऱ्हाट म्हणजे लांबच लांब दोर, आणि म्हणून न संपणारे बोलणे. वायफळाच्या मळ्यात फळ धरत नाही. आपल्या लेखनाला अशी नावे देणारा लेखक वाचकाला आधीच सांगून टाकतो की इथे उपदेश मिळणार नाही, जरा टेका. त्या काळी पुस्तकांवर भारदस्त नावे शोभत असत. त्या रांगेत हे एरंडाचे गुऱ्हाळ ठेवायला धाडस लागत असणार.

मराठी विनोदाचा पाया श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ देऊन घातला. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी बाळकराम या नावाने लिहीत. गडकरी १९१९ मध्ये गेले आणि दुसऱ्या वर्षी चि. वि. बडोद्याला आले. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या विनोदात कल्पनेची आतषबाजी होती. रूढींवर कोरडे होते. अतिशयोक्ती इतकी की वाचणाऱ्याला दम लागावा. चि. विं.नी ती वाट मोडली नाही, पण ती घराच्या आतपर्यंत नेली. त्यांच्या गोष्टींतली माणसे शेजारच्या खोलीत राहणारी वाटतात.

चिमणराव हा किरकोळ अंगाचा, भिडस्त, पापभीरू गृहस्थ. कारकुनी पगार आणि त्या पगारात न मावणारा संसार. घरात आई आहे, बायको काऊ आहे, मोरू, मैना, राघू ही मुले आहेत. आणि या सगळ्यांवर उपाय म्हणून, किंवा अपाय म्हणून, नात्यातला भाऊ गुंड्याभाऊ आहे. गुंड्याभाऊ धिप्पाड, हातात सोटा, कोणत्याही प्रश्नाला त्याच्याकडे तयार योजना. चिमणरावाला शंका फार आणि गुंड्याभाऊला शंका मुळीच नाही. या दोघांना एका खोलीत ठेवले की गोष्ट आपोआप सुरू होते. लग्न जमवायला जावे तर भलतेच जमते. एकदा स्पष्ट बोलायचा प्रयोग करायचे ठरते आणि खरे बोलणे किती महाग असते ते कळते. मुद्दाम वाईट करणारा त्यांच्यात कोणी नाही. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो आणि म्हणूनच नुकसान मोठे होते.

इथे आम्हाला चि. विं.चा पाली अभ्यास आठवतो. जातकांत एक गोष्ट आहे. राजाच्या बागेतल्या माळ्याला उत्सवाला जायचे असते. रोपांना पाणी घालायचे काम तो बागेतल्या माकडांवर सोपवतो. माकडांचा म्होरक्या हिशेबी असतो. पाणी वाया जाऊ नये म्हणून तो हुकूम काढतो की आधी प्रत्येक रोप उपटून त्याचे मूळ मोजा. मूळ लांब असेल तर पाणी जास्त, आखूड असेल तर कमी. माकडे मनापासून काम करतात आणि बाग साफ होते. नोकरीत आम्ही ही गोष्ट वेगवेगळ्या नावांनी अनेकदा पाहिली आहे. तपशील सांगत नाही, निवृत्तीला अजून वर्षे आहेत. सांगायचे एवढेच की चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचे मूळ शोधायला परदेशी विनोदी लेखकांकडेच जावे लागत नाही. हा माळी आणि ही माकडे हजारो वर्षांपासून आपल्याकडे आहेत. अशा गोष्टींच्या संगतीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला माणसाच्या मूर्खपणाचा राग येण्याऐवजी त्याची ओळख पटत असणार. चि. विं.च्या विनोदात विखार सापडत नाही, त्याचे एक कारण हे असावे, असे आमचे मत.

दुसरे कारण काळाचे. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ निघाले त्याच १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. त्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या घरांत सायकल आली, स्टोव्ह आला, विमा आला, मुली कॉलेजात जाऊ लागल्या, मुलगा मुलीला एकटा भेटायची मागणी करू लागला. अशा बदलांपुढे माणसे साधारणपणे दोन गोष्टी करतात. काही जण कपाळावर हात मारून बुडाला धर्म म्हणतात आणि काही जण जुन्याला नावे ठेवून मोकळे होतात. चि. विं.नी या दोन्ही बाजूंना वकीलपत्र दिले नाही. त्यांनी नवी वस्तू, नवा विचार चिमणरावाच्या हातात दिला आणि तो कसा धरतो ते बघितले. धरता येत नाही म्हणून आपण हसतो आणि हसता हसता ध्यानात येते की आपल्यालाही ते कुठे नीट धरता येते! बदलाची भीती कमी करायचा याहून स्वस्त उपाय आम्हाला माहीत नाही.

चिमणराव पुस्तकाबाहेरही हिंडला. मास्टर विनायकांनी चि. विं.च्या कथेवर १९४० मध्ये ‘लग्न पहावं करून’ आणि १९४२ मध्ये ‘सरकारी पाहुणे’ हे बोलपट काढले. दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी त्यातून लोकांच्या डोळ्यांपुढे राहिली. पुढे चि. वि. जाऊनही बरीच वर्षे लोटल्यावर मुंबई दूरदर्शनने ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका केली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ अनेकांना आजही नावानिशी आठवतात. लेखक मागे राहिला आणि पात्रे पुढे गेली, असे भाग्य थोड्याच लेखकांना मिळते.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच सुमारास बडोदा कॉलेज नव्या विद्यापीठात सामावले. ज्या राज्याचे कागद चि. विं.नी सांभाळले, ते राज्यच उरले नाही. पुढे १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि आपण गुजरातचे झालो. अकरा वर्षांत आपल्या घरांनी जागा न सोडता तीन सरकारे पाहिली. चि. वि. तोवर लिहीतच होते. ‘रहाटगाडगे’ हे त्यांच्या एका पुस्तकाचे नाव या सगळ्याला शोभून दिसते. बौद्ध संप्रदायाविषयीचे त्यांचे पुस्तक १९६३ मध्ये आले आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला, वयाच्या ७२ व्या वर्षी, ते गेले.

आता या लेखाच्या नावाविषयी. चि. विं.नी दोन दप्तरे सांभाळली, असे आम्ही म्हणतो. एक गायकवाड सरकारचे. त्यात राजे आहेत, सरदार आहेत, लाखांचे हिशेब आहेत. पण महिन्याच्या पंचवीस तारखेला डबा रिकामा झाल्यावर कारकुनाच्या बायकोने काय केले, याची त्यात नोंद नाही. मुलगी बघायला आलेल्यांपुढे बसताना तिच्या पोटात काय होत होते, सासूने नव्या स्टोव्हला किती दिवस हात लावला नाही, पाहुणा जाता जात नाही तेव्हा घरातले एकमेकांना कोणत्या खुणा करतात, हे कोणत्याही रुमालात सापडणार नाही. ते चि. विं.च्या दुसऱ्या दप्तरात सापडते. आपले आजोबा-पणजोबा सरदार नव्हते. त्यांची नोंद असेलच तर ती चिमणरावाच्या घरात आहे.

पहिल्या दप्तराचे काय झाले ते आपण पाहतो. कागद आहेत, पण शाळेतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत ते वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली. दुसऱ्या दप्तराची तीच गत होऊ घातली आहे. आपण बाजारात गुजराती, कचेरीत गुजराती, घरी मराठी बोलतो आणि त्या मराठीलाही शेवटी ‘ने’ लावतो. यात वाईट काही नाही, चि. विं.नी ऐकले असते तर एक गोष्ट लिहिली असती. आपली मुले मराठी बोलतात, समजतात. पण पुस्तक हातात दिले तर दुसऱ्या पानावर थांबतात. शाळेत हिंदी असल्याने अक्षरे त्यांना येतात. अडते ते गुऱ्हाळाशी, चऱ्हाटाशी, माजघराशी. वाड्याच्या जागी फ्लॅट आले, विहिरी बुजल्या, मग विहिरीचा दोर कोणी पाहायचा? शब्द कळला नाही की विनोद कळत नाही. आणि ज्यावर आजोबा हसत होते त्यावर नातू हसू शकला नाही, तर दोघांच्या मधे एक भिंत उभी राहते. तिचा आवाज होत नाही, म्हणून ती लवकर ध्यानात येत नाही.

मोडी शिकवायचे वर्ग काढणे कठीण आहे. हे काम त्या मानाने सोपे आहे. कपाटात एखादे जुने ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ असेल, नसेल तर नवी प्रत आणता येते. उत्सवाच्या दिवसांत संध्याकाळची आरती झाली की प्रसाद वाटेपर्यंत मुले तिथेच घुटमळत असतात. तेवढ्यात घरातल्या वडीलधाऱ्याने एक गोष्ट मोठ्याने वाचावी. मधेच एखादा नातू विचारील, चऱ्हाट म्हणजे काय? आजीने सांगावे, आमच्या वाड्यात विहीर होती, तिला असा दोर होता, आणि एकदा तो तुटला तेव्हा काय झाले. चि. विं.ची गोष्ट तेवढ्यापुरती बाजूला राहील आणि आजीची सुरू होईल. दप्तरदाराची त्याला हरकत असणार नाही. त्यांचे दप्तर वाचायची हीच रीत आहे.

पुढे त्या मुलांच्या घरी चिमणराव ओटीपी शोधत बसेल आणि गुंड्याभाऊ फोनवरच्या ठगाला सोटा दाखवील. ते त्यांचे त्यांनी लिहावे. आपण तोवर जुनी गोष्ट वाचून ठेवू. चिमणरावाने घरी आणलेल्या विघ्नांवर सगळे घर एकदम हसले, तर त्या दिवसापुरते बाप्पाचे काम थोडे हलके होईल.